दर पावसाळ्यानंतर गाडीच्या पोटाला पुन्हा गंज : कोटिंग मारण्याआधी काय तपासायचं आणि कुठे हात थांबवायचा

मे महिन्यात अंडरबॉडी कोटिंग करून घेतलं, दिवाळीला गाडी रॅम्पवर चढवली तर त्याच जागी तांबूस ओघळ. पुन्हा कोटिंग, पुन्हा ओघळ. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात ही तक्रार इतकी नेहमीची आहे की लोक तिला नशीब समजून सोडून देतात. दोष बहुतेक वेळा कोटिंगच्या डब्यात नसतो. कोटिंगच्या आत कोंडलेलं पाणी आणि मीठ हे खरं कारण असतं. ते शोधायचं काम जवळजवळ फुकट आहे, फक्त क्रम पाळावा लागतो.

मीठ म्हटलं की लोकांना समुद्राच्या पाण्यात घातलेली गाडीच आठवते. पण किनाऱ्यापासून काही किलोमीटर आतही खारा वारा पत्र्यावर मिठाचा पातळ थर बसवत असतो. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून स्वतः ओलं होतं. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता याच्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे पाऊस थांबला, गाडी छपराखाली उभी आहे, वरून कोरडी दिसते, तरी खाली मीठ बसलेला पत्रा चार महिने ओलाच. घाटावर, पुण्याकडे, तीच गाडी त्याच कोटिंगवर जास्त वर्षं टिकते ती यामुळे.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढची तपासणी करा.

- दाराखालच्या उंबऱ्याच्या, म्हणजे सिलच्या, जोडावरून तांबूस ओघळ. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जास्त स्पष्ट.
- चाकाच्या कमानीच्या आत वळलेल्या काठाला रंगाखाली फोड. नखाने दाबले तर फुटतात, आत तपकिरी भुकटी.
- गाडी उभी राहते तिथे फरशीवर काळे-तांबडे पापुद्रे.
- काळं कोटिंग अंगठ्याने दाबलं की आत-बाहेर हलतं, कधी पाणीच बाहेर येतं.
- दार उघडताना किंवा ब्रेक मारताना दारात, सिलमध्ये पाणी डुचमळल्याचा आवाज.
- मॅट उचलल्यावर कुबट वास, गालिचा दमट.
- जॅक लावला की जॅकची जागा कुरकुरते किंवा चेपते.
- ब्रेक पेडल मऊ लागतं, ब्रेक ऑइलची पातळी उतरते. हे दिसलं तर पुढचं काहीही न करता थेट ‘ब्रेकचे आणि इंधनाचे पाइप’ हा सातवा भाग वाचा. गाडी चालवू नका.

काही तांबडेपण निरुपद्रवी असतं, त्याने घाबरून खर्च करू नका. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर सकाळी आलेला तांबूस थर चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो. सायलेन्सरचा पाइप तपकिरी दिसणं नेहमीचं. चाकामागचे जाड ओतीव भाग वरून गंजतात, पण आत खोल जायला त्यांना फार वर्षं लागतात. लक्ष पातळ पत्र्यावर, जोडांवर आणि पाइपांवर ठेवा.

1. टॉर्च आणि मोबाइल

खर्च शून्य. गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर. पुढची चाकं पूर्ण एका बाजूला वळवा म्हणजे कमानीच्या आतला भाग उघडा पडतो. मोबाइल खाली सरकवून, लाइट चालू ठेवून व्हिडिओ काढा: दोन्ही सिल, चारही कमानी, डिकीखालचा स्टेपनीचा खड्डा, मागचा अ‍ॅक्सल, पेट्रोल टाकीचे पट्टे. त्यासाठी गाडीखाली शिरावं लागत नाही.

गंज कुठे आहे यापेक्षा ओघळ कुठून निघतो ते बघा. सपाट पत्र्याच्या मधोमध डाग असेल तर खडी लागून रंग उडाला असेल. ती बाहेरची जखम, सोपी. दोन पत्रे जिथे एकावर एक येतात त्या फटीतून ओघळ येत असेल तर पाणी आतून झिरपतंय. बाहेरून कितीही थर चढवले तरी ते थांबणार नाही. पुढच्या दोन तपासण्या यासाठीच आहेत.

2. पाणी जायची भोकं

सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो, आणि दुरुस्तीला पाच रुपयेही लागत नाहीत.

दार, सिल, डिकीचं झाकण हे सगळे पोकळ डबे आहेत. काचेच्या रबरातून दारात पाणी जाणारच, ते जावं अशीच रचना असते. खालच्या काठाला दोन-तीन भोकं ठेवलेली असतात, तिथून ते बाहेर पडतं. कोकणातला तांबडा चिखल सुकला की ही भोकं सिमेंट भरल्यासारखी बुजवतो. आणि घाईत केलेलं अंडरबॉडी कोटिंग उरलेली भोकं कायमची बंद करतं. मग गंज थांबावा म्हणून केलेल्या कामानेच पाणी आत कोंडून ठेवलेलं असतं.

तपासायला अर्धा लिटर पाणी काचेच्या बाहेरच्या रबराजवळ सावकाश ओता. मिनिटभरात दाराच्या खालून धार यायला हवी. थेंबथेंब आलं किंवा आलंच नाही तर भोक बुजलंय. मोकळं करायला खराट्यातला हीर घ्या. हीर लवचिक असतो, वळणात शिरतो आणि आतला रंग खरवडत नाही. लोखंडी तार किंवा खिळा घालू नका. भोकाच्या काठाचा रंग उडाला की तिथूनच नवा गंज सुरू होतो. सिलची भोकं खाली, जॅकच्या जागेच्या आसपास असतात. काही गाड्यांत त्यांवर रबरी बुच असतं, ते काढून पाणी निघतं का बघा, आणि बुच परत बसवा.

निघालेलं पाणी तांबूस असेल, सोबत पापुद्रे येत असतील, तर ते लिहून ठेवा. पुढे निर्णय घेताना उपयोगी पडेल.

3. आतून येणारं पाणी

गाडीचा तळ बाहेरूनच गंजतो असं धरून चालू नका. मॅट आणि गालिचा उचलून खाली वर्तमानपत्राची कोरडी घडी दाबा. ओली झाली तर तीन शक्यता क्रमाने बघा.

एसी दहा मिनिटं चालवा. दमट हवेत गाडीखाली पाणी ठिबकायलाच हवं. ठिबकत नसेल आणि पुढच्या प्रवाशाच्या पायाशी ओल असेल तर एसीची नळी बुजली आहे. नळी खालून दिसत असेल तर तिच्यात तोंडाने किंवा सायकलच्या पंपाने हलकी फुंक पुरे. मोठ्या कॉम्प्रेसरची हवा मारली की आतला जोड निसटतो.

नंतर वायपरखालची जाळी. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पानांचा चक्क खत झालेला असतो. साफ करून मगभर पाणी ओता; ते चाकामागून खाली उतरलं पाहिजे.

ओल चिकट असेल, गोडसर वास येत असेल तर ते पावसाचं पाणी नाही, हीटरमधून गळणारं कूलंट आहे. ते काम मेकॅनिककडे.

तळाला रबरी बुचं असतात. गालिचा वाळवताना ती काढून ठेवा आणि दोन-तीन उन्हं द्या. गालिच्याखालचा फोम वरून कोरडा लागला तरी आत आठवडाभर पाणी धरतो.

4. धुणं, पण कोणत्या पाण्याने

कोकणात हा प्रश्न आधी विचारायला हवा. किनाऱ्यालगतच्या कित्येक बोअरवेलचं पाणी मचूळ असतं. त्या पाण्याने दर रविवारी गाडी धुणारा माणूस मेहनतीने मीठ चढवत असतो. पिऊन खारं लागतं ते पाणी गाडीच्या पोटाला लावू नका. वॉशिंग सेंटरवालाही कुठलं पाणी वापरतो ते विचारा.

पद्धत: बागेच्या पाइपने, साध्या दाबाने, पंधरा ते वीस मिनिटं. जोर महत्त्वाचा नाही, मीठ विरघळायला वेळ मिळणं महत्त्वाचं. प्रेशर गन वापरलीच तर चाकांच्या रबरी बूटांपासून (सांध्यांवरची रबरी आवरणं), वायरिंगच्या जोडांपासून ती हातभर लांब ठेवा. कमानीतलं प्लॅस्टिकचं लायनर दिसायला स्वच्छ असलं तरी त्याच्या मागे, फेंडर आणि सिल मिळतात त्या कोपऱ्यात चिखलाचा गोळा साठतो. वर्षातून एकदा क्लिपा आणि स्क्रू काढून लायनर उतरवा. हा एक कोपरा साफ ठेवला तर पुढच्या दाराखालची सडण्याची निम्मी भीती जाते.

धुतल्यावर पंधरा-वीस किलोमीटर चालवून वाऱ्याला उभी करा. ओली गाडी ताडपत्री किंवा कव्हरखाली झाकली की खाली वाफाळा तयार होतो, आणि धुतल्याचा फायदा जातो.

वाळूवर गेलात (कित्येक किनाऱ्यांवर गाडी घालायला बंदीच आहे, ती पाळावी), किंवा दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा फेरीबोटीतून आलात आणि रॅम्पवरचं खारं पाणी उडालं, तर त्याच दिवशी धुवा. एरवी पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा पुरे. मासळी वाहणाऱ्या पिकअप आणि टेम्पोंचं गणित वेगळं आहे. क्रेटमधून गळणारं बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेट चॅसिसच्या मागच्या आडव्या दांड्यांवर पडतं. अशी गाडी रोज खेप संपल्यावर, सुकायच्या आत, खालूनही धुवावी लागते. खताची पोती वाहणाऱ्या गाडीलाही हेच लागू.

5. जुनं कोटिंग धरून आहे का

स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीने ठोकत जा. घट्ट बसलेलं कोटिंग टणक आवाज देतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथे प्लॅस्टिकच्या पट्टीने दोन इंचाची खिडकी उघडा. खाली चकचकीत रंग असेल तर सोडून द्या. खाली ओला, काळपट-तांबडा थर असेल तर कोटिंग सुटलंय तिथपर्यंत सगळं काढावं लागेल.

डांबरी किंवा रबरी कोटिंग काही वर्षांनी कडक होतं, केसासारख्या चिरा पडतात. चिरेतून पाणी आत खेचलं जातं, बाहेर यायला मात्र वाट नसते. उघड्या पत्र्याला निदान वारा लागतो. चिरलेल्या कोटिंगखालच्या पत्र्याला तोही नाही. म्हणून जुन्यावर नवा थर मारणं हे सगळ्यात वाईट काम, आणि दुर्दैवाने सगळ्यात जास्त विकलं जाणारं.

जुनी गाडी घेताना हेच ध्यानात ठेवा: दहा वर्षांची किनाऱ्यावरची गाडी आणि खाली ताजं, चमकदार काळं कोटिंग, तर विकणाऱ्याला खिडकी उघडू द्यायला सांगा. नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

6. पत्रा किती उरलाय

इथून पुढे गाडी उचलावी लागते. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जमीन पक्की आणि सपाट हवी, चाकांना अटकाव, आणि जॅकबरोबरच दोन मजबूत घोड्या (जॅक स्टँड) ठरलेल्या जागीच लावलेल्या. घोडीची जागाच कुरकुरत असेल तर गाडी लगेच खाली घ्या. तुमची तपासणी तिथेच संपली. डोळ्याला गॉगल आणि नाकाला मास्क लावा, गंजाचा पापुद्रा डोळ्यात गेला की डॉक्टरच गाठावा लागतो.

तारेच्या ब्रशने घासा, मग सपाट स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबा.

फक्त तांबूस डाग, खाली गुळगुळीत पत्रा : घरी होण्यासारखं काम. पापुद्रे निघतात, खाली खड्डे आहेत, पण टोक आत जात नाही : घरी होतं, वेळ लागतो. टोक आत गेलं, किंवा पत्रा बिस्किटासारखा तुटला : हत्यार खाली ठेवा.

पहिल्या दोन प्रकारांसाठी दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम, हवा कोरडी असते. गाडी धुऊन पूर्ण दोन दिवस वाळू द्या. सुटं सगळं ब्रशने, मग 80 नंबर आणि शेवटी 120 नंबरच्या पॉलिश पेपरने काढा; चांगल्या रंगावर दोन-तीन सेंटिमीटर चढून घासा, म्हणजे काठ राहत नाही. थिनरच्या फडक्याने पुसा. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर पातळ लावा. तो गंजाशीच क्रिया करून काळा थर बनवतो. स्वच्छ धातूवर त्याला काम नसतं आणि सुट्या पापुद्र्यांवर तो टिकत नाही. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्या, बहुधा एक दिवस.

त्यावर दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर, दोन पातळ हात. ग्रिल-गेटला लावतो ते रेड ऑक्साइड एकटं इथे चालत नाही. त्याच्या थरातून ओल आत जाते, वरून रंग नसेल तर एका पावसात खालून गंज डोकावतो. जोडांवर सीम सीलर, म्हणजे फट बुजवणारा लवचिक लेप. कमानींत खडी लागते म्हणून तिथे जाड, रबरी स्टोन-गार्ड. बाकी तळाला मेणाचं किंवा लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतलं मेणचट तेल) कोटिंग. हे मऊ राहतं, फटीत सरकतं, चीर पडली तर स्वतः मिटतं. दर वर्षी थोडं ताजं करावं लागतं, पण या हवेत कडक काळ्या थरापेक्षा तेच बरं.

साध्या हॅचबॅकला अंदाजे लागतं ते असं: कन्व्हर्टर 250 मिली, प्रायमर अर्धा लिटर, तळाचं मेण दोन ते तीन लिटर, पोकळ भागांचं मेण एक ते दीड लिटर. पोकळ मेण सिलच्या भोकातून लांब नळीने मारायचं. नळी शेवटपर्यंत आत घाला, फवारा सुरू करा आणि सावकाश मागे ओढा. नवीन भोकं पाडू नका. दुसऱ्या दिवशी प्रत्येक भोकातून पुन्हा हीर फिरवा, नाहीतर दुसऱ्या तपासणीतला दोष तुम्हीच परत तयार केलात.

कोटिंग कुठे लागू नये तेही पक्कं ठेवा: सायलेन्सर आणि त्याचा पूर्ण पाइप (तापून धूर, प्रसंगी आग), डिस्क, कॅलिपर, हँडब्रेकच्या केबली, रबरी बुश आणि बूट, सेन्सर, वायरिंगचे जोड. प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीने झाकून घ्या.

दोन रूढ उपायांबद्दल. खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारण्याची पद्धत अजून सगळीकडे आहे. डिझेल एक-दोन पावसांत धुऊन जातं. जळक्या ऑइलमध्ये आम्ल असतं, आणि दोन्हींनी रबरी बुश फुगून खराब होतात. दुसरं, बॅटरीला जोडायचं गंजरोधक यंत्र. पोलादी बोटीच्या तळाला जस्ताच्या वड्या लावतात आणि त्या काम करतात, कारण बोट आणि वडी दोन्ही अखंड पाण्यात असतात. हवेतल्या गाडीत पाण्यातून जाणारा विजेचा तो मार्ग पूर्ण होत नाही. पैसे मेणावर घाला.

7. ब्रेकचे आणि इंधनाचे पाइप

तळाला क्लिपांत बसवलेले बोरूएवढे बारीक पाइप कोरड्या फडक्याने पुसा. रंग गेलाय, पण पृष्ठभाग गुळगुळीत आहे तर मेणाचा हात द्या. पृष्ठभाग खरखरीत, फुगलेला, पापुद्रे असलेला दिसला तर घासू नका. पाइपची भिंत मुळात पातळ असते आणि अनेकदा गंजच तिला धरून असतो. क्लिपेखालची जागा आवर्जून बघा, चिखल तिथेच अडतो.

गाडी उभी, इंजिन चालू, पेडल जोरात दाबून तीस सेकंद धरा. पेडल हळूहळू खाली गेलं तर गाडी टो करूनच न्या. पाइप बदलताना मधला तुकडा जोडून भागवू देऊ नका, आणि साधा तांब्याचा पाइप नको. तो हादऱ्यांनी थकून चिरतो. कंपनीचा पोलादी किंवा तांबे-निकेलचा पाइपच घ्या.

इथे थांबा, माणूस बोलवा

- स्क्रूड्रायव्हर आत गेला आणि जागा सिल, चॅसिस, सबफ्रेम (इंजिन आणि चाकांचे भाग धरणारा सांगाडा), शॉकअप किंवा लोअर आर्म बसतो तो भाग, सीट किंवा सीटबेल्टचा पाया यांपैकी आहे. अपघातात हेच भाग माणसाला वाचवतात.
- पेट्रोल टाकी, तिचे पट्टे, इंधनाचे पाइप. वासही आला तर ड्रिल, ग्राइंडर काहीच लावू नका.
- सीएनजी सिलिंडर किंवा त्याचे ब्रॅकेट गंजले आहेत. सिलिंडरवर ब्रश, कन्व्हर्टर, रंग यांतलं काहीही स्वतः लावायचं नाही. दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट होते त्या अधिकृत केंद्रातच दाखवा.
- इलेक्ट्रिक गाडी. तळाला बॅटरी आणि नारिंगी केबली असतात. त्या भागाचं काहीही सर्व्हिस सेंटरमध्येच.

वेल्डिंगचं काम देताना चार गोष्टी आधी बोलून घ्या. सडलेला पत्रा चांगला धातू लागेपर्यंत कापायचा, त्यावर ठिगळ नको. रिव्हेट आणि पुट्टीने सिल भरायचं नाही. पुट्टी ओल धरते आणि ताकद शून्य. बॅटरी सोडवून, गालिचा आणि आतलं जळण्यासारखं काढूनच वेल्डिंग. आणि वेल्डिंगनंतर आतल्या बाजूला पोकळ मेण, कारण उष्णतेने आतला रंग जळालेला असतो. हे चौथं बहुतेक ठिकाणी राहून जातं, आणि नवा पत्रा दोन-तीन पावसाळ्यांत आतून जातो.

काम झालं की त्याच जागांचे तारखेसह फोटो ठेवा. गणपतीच्या सुमारास एकदा, दिवाळीत एकदा तेच कोन पुन्हा टिपून ताडून बघा. मेण मारून, भोकं मोकळी असूनही त्याच जोडातून तीन महिन्यांच्या आत पुन्हा तांबूस ओघळ आला, तर आणखी एक हात देऊ नका. सिलच्या आतली दुसरी भिंत सडलेली आहे. ती बाहेरून दिसत नाही. डेंटरकडून सिल उघडूनच बघावं लागेल.